चौकोनातला ताळा

पाठ्यपुस्तकाचे पहिले पान उघडा. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. पुढे धड्याधड्यांतही तसेच चौकोन आढळतील. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, औषधाच्या खोक्यावर, रेल्वेच्या तिकिटावर आणि खताच्या पोत्यावरही तुम्ही ते पाहिले असतील. या चौकोनाला 'क्यूआर कोड' म्हणतात. 'क्विक रिस्पॉन्स', म्हणजे 'झटपट प्रतिसाद', या शब्दांवरून हे नाव पडले.

मोबाइलचा कॅमेरा या चौकोनासमोर धरला की धड्याची चित्रफीत सुरू होते, हे आता पाचवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण चित्रफीत सुरू होते म्हणजे नेमके काय होते? चौकोनात काय लिहिलेले असते? कागद मळला, कोपरा फाटला, वर शाईचा डाग पडला, तरी मोबाइल तो बिनचूक कसा वाचतो? हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पुस्तकही त्यांची उत्तरे देत नाही. धड्याकडे जाणारा दरवाजा पुस्तकाने दाखवला, पण दरवाजा कसा घडवला हे सांगायचे राहून गेले.

या लेखात आपण तो दरवाजाच तपासून पाहणार आहोत. शाळा-महाविद्यालयांचे अभ्यासक्रम डिजिटल युगाला साजेसे करायचे म्हणजे काय करायचे, या मोठ्या प्रश्नाचे एक छोटे उत्तरही त्यातून हाती लागेल.

चौकोन पुस्तकात कसा आला?

क्यूआर कोडचा जन्म १९९४ साली जपानमध्ये झाला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो उद्योगसमूहात मासाहिरो हारा हे अभियंते काम करत होते. तेव्हा सुट्या भागांच्या खोक्यांवर उभ्या रेघांचा बारकोड असे. त्यात माहिती फार थोडी मावे, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत. 'गो' या खेळाच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आडव्या-उभ्या रांगांत मांडतात. त्या पटावरून हारा यांना कल्पना सुचली की माहिती एका दिशेऐवजी दोन दिशांना मांडावी.

आपल्या राज्यात हा कोड शालेय पुस्तकात आणण्याच्या प्रयत्नाशी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव जोडलेले आहे. माढा तालुक्यातील या छोट्या गावात त्यांनी पाठ्यपुस्तकांना कोड जोडून मुलांना ध्वनिफिती आणि चित्रफिती उपलब्ध करून दिल्या. २०१७ साली 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि त्याच सुमारास बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

एका खेड्यातल्या शाळेत सुरू झालेली गोष्ट राज्यभर पोचली, ही अभिमानाची बाब आहे. आता पुढचे पाऊल टाकायचे ते असे, की ज्या पुस्तकात कोड आहे त्याच पुस्तकातून कोडचे विज्ञानही शिकता यावे.

यंत्रे जातात, तत्त्वे राहतात

आपल्याकडे संगणकाचे शिक्षण नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक पूर्ण झाला. खोलीभर पसरलेले ते यंत्र निर्वात नळ्यांवर चाले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर हे १०,२४० बाइट होतात. आजच्या सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात. म्हणजे टिफ्रॅकची सारी स्मृती साडेतीन क्यूआर कोडांएवढी होती!

पुढे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश बनावटीचे छोटे संगणक शाळांना देण्यात आले. ते यंत्र आता संग्रहालयात पाहावे लागते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणक हाताळायला शिकवले. २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानावर स्वतंत्र पाठ होता. त्यात वर्डमध्ये समीकरण कसे लिहावे, एक्सेलमध्ये आलेख कसा काढावा हे टप्प्याटप्प्याने दिले होते.

हे सारे उपयोगी आहे, यात शंका नाही. पण पडद्यावरची बटणे दर दोन-चार वर्षांनी जागा बदलतात, यंत्रे तर त्याहून लवकर जुनी होतात. बटणांच्या मागची तत्त्वे मात्र टिकून राहतात. त्यांतले एक तत्त्व तर आपल्या आजोबांनाही माहीत होते. त्याचे नाव 'ताळा'.

नवाचा ताळा

पूर्वी शाळेत मोठा गुणाकार केला की त्याचा 'नवाचा ताळा' करून पाहत. समजा, ३४७ ला २६ ने गुणले आणि उत्तर ९०२२ आले. ते बरोबर आहे का?

३४७ च्या अंकांची बेरीज ३ + ४ + ७ = १४, पुन्हा १ + ४ = ५.
२६ च्या अंकांची बेरीज २ + ६ = ८.
आता ५ × ८ = ४०, आणि ४ + ० = ४.
उत्तराच्या अंकांची बेरीज ९ + ० + २ + २ = १३, आणि १ + ३ = ४.

दोन्हीकडे ४ आले, ताळा जमला! उत्तर ९०३२ आले असते तर बेरीज १४, म्हणजे ५ झाली असती आणि चूक उघडी पडली असती. कोणत्याही संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी सारखीच असते, म्हणून ही युक्ती चालते.

परंतु हा ताळा प्रत्येक चूक पकडतो असे नाही. ९०२२ ऐवजी घाईत ९२०२ लिहिले तर अंकांची बेरीज तीच राहते आणि चूक सुटून जाते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ही माणसाच्या हातून नेहमी होणारी चूक आहे. ती पकडण्यासाठी डच गणिती व्हर्हूफ यांनी १९६९ मध्ये अधिक बारकाईचा ताळा तयार केला. तुमच्या आधार क्रमांकाचे बारा अंक असतात ना? त्यांतला शेवटचा अंक हा पहिल्या अकरा अंकांवरून या पद्धतीने काढलेला ताळाच आहे.

संख्येसोबत थोडी जादा माहिती ठेवायची आणि तिच्या आधारे मूळ संख्या तपासायची, ही ताळ्यामागची कल्पना आहे. पण नवाचा ताळा फक्त 'चूक आहे' एवढेच सांगतो. चूक कोठे आहे हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारा ताळा करता येईल का?

तुरीच्या दाण्यांचा ताळा

यासाठी आपण एक प्रयोग करू. साहित्य अगदी साधे आहे: पांढऱ्या तुरीचे पंचवीस-तीस दाणे, लाल तुरीचे तितकेच दाणे आणि पाटीवर किंवा जमिनीवर खडूने आखलेली चौकटी. आमच्या बदनापुरात हे साहित्य शोधावे लागत नाही. येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे आणि तुरीचे वाण ही त्याची ओळख आहे. 'बीडीएन ७११' ही पांढरी तूर आणि 'बीडीएन ७१६' ही लाल तूर शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. यातले 'बीडीएन' म्हणजे बदनापूर. एवढ्या छोट्या संकेतात वाणाचे गाव आणि क्रमांक दोन्ही आले. कोड म्हणजे काय, ते इथेच कळते!

पांढरा दाणा म्हणजे ० आणि लाल दाणा म्हणजे १ असे समजा. संगणकाच्या भाषेत अशा एका दाण्याला 'बिट' म्हणता येईल. आता मित्राला सांगा की चार ओळी आणि चार स्तंभांत तुझ्या मनाला येतील तसे दाणे मांड. समजा, त्याने असे मांडले:

१ ० १ १
० ० १ ०
१ १ ० ०
० १ ० ०

तुम्ही म्हणा, 'जरा मोठे करू या,' आणि उजवीकडे एक स्तंभ व खाली एक ओळ वाढवा. मात्र वाढवताना नियम पाळा: प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात लाल दाण्यांची संख्या सम आली पाहिजे. पहिल्या ओळीत तीन लाल दाणे आहेत, म्हणून शेवटी लाल दाणा ठेवा. तिसऱ्या ओळीत दोन आहेत, म्हणून पांढरा ठेवा. असे करत गेल्यावर मांडणी अशी होईल:

१ ० १ १ १
० ० १ ० १
१ १ ० ० ०
० १ ० ० १
० ० ० १ १

उजवीकडे खाली कोपऱ्यात जो दाणा आला, तो ओळीच्या नियमानेही लाल आणि स्तंभाच्या नियमानेही लाल. हे दर वेळी जुळते. का जुळते, याचा विचार तुम्ही करा.

आता पाठ फिरवा आणि मित्राला कोणताही एक दाणा बदलायला सांगा. समजा, त्याने तिसऱ्या ओळीतला दुसरा दाणा लालऐवजी पांढरा केला. तुम्ही वळून पाहता तो तिसऱ्या ओळीत एकच लाल दाणा! विषम! स्तंभ तपासले तर दुसऱ्या स्तंभातही एकच लाल दाणा. तिसरी ओळ आणि दुसरा स्तंभ जेथे एकमेकांना छेदतात, तेथेच फेरफार झाला. तो दाणा उलटा केला की मूळ मांडणी परत मिळाली. नवाच्या ताळ्याने चूक असल्याचे कळत होते, या ताळ्याने चुकीचा पत्ताही सांगितला आणि पत्ता सापडताच चूक दुरुस्तही झाली. कारण येथे अंक दोनच आहेत. ० चुकीचा असेल तर बरोबर अंक १ असलाच पाहिजे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे रिचर्ड हॅमिंग याच प्रश्नाने अस्वस्थ झाले होते. सुटीच्या दिवसांत ते यंत्रावर गणिते लावून जात. यंत्राला चूक आढळली की ते गणित अर्धवट सोडून देई. यंत्राला चूक कळते, तर ती कोठे आहे हे शोधून त्याने स्वतःच का सुधारू नये, असे त्यांना वाटले. त्यातून त्यांनी १९५० मध्ये चूक सुधारणाऱ्या संकेतांचा सिद्धांत प्रसिद्ध केला. आपला दाण्यांचा खेळ न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या शाळांत पोचवला. ते तो दुरंगी कार्डांनी खेळतात, आपण तुरीने खेळलो एवढाच फरक.

रेषेचा ताळा

दाण्यांच्या ताळ्यालाही मर्यादा आहे. एकाच ओळीतले दोन दाणे बदलले तर त्या ओळीची बेरीज पुन्हा सम होते. चूक आहे हे स्तंभांवरून कळते, पण ओळ सापडत नाही. कागदावर शाईचा डाग पडतो तेव्हा एक ठिपका नव्हे तर ठिपक्यांचा पुंजकाच नाहीसा होतो. अशा वेळी काय करावे?

याचे उत्तर १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी दिले. त्यांच्या पद्धतीचा गाभा नववी-दहावीच्या बीजगणितात आहे. समजा, तुम्हाला मित्राला ३ आणि २ या दोन संख्या कळवायच्या आहेत. त्या तशाच न पाठवता त्यांची एक रेषा करा:

य = ३ + २क्ष

आता क्ष ला १, २, ३, ४ या किमती द्या. य च्या किमती येतील ५, ७, ९, ११. मित्राला या चार संख्या पाठवा. वाटेत काही बिघाड होऊन त्याला ५, ७, ४, ११ मिळाल्या असे समजा. तो आलेखाच्या कागदावर (१, ५), (२, ७), (३, ४), (४, ११) हे बिंदू मांडतो. पट्टी लावली की त्याला दिसते, पहिला, दुसरा आणि चौथा बिंदू एका रेषेत आहेत, तिसरा बाहेर पडला आहे. त्या रेषेवर क्ष = ३ असताना य = ९ असायला हवे. चूक सुधारली! रेषेचे समीकरण काढले की ३ आणि २ या मूळ संख्याही हाती आल्या.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, 'दुसरी एखादी रेषाही चारांपैकी तीन बिंदूंतून जात असेल तर?' तसे होणे शक्य नाही. चार बिंदूंमधून तीन-तीन बिंदूंचे कोणतेही दोन गट निवडले, तरी त्या गटांत निदान दोन बिंदू समान असतात. आणि दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे तर तुम्ही भूमितीच्या सुरुवातीलाच शिकलात. म्हणजे दोन्ही गटांची रेषा एकच ठरली, आणि तसे असेल तर चारही बिंदू तिच्यावर आले पाहिजेत.

दोन संख्यांसाठी आपण दोन जादा बिंदू पाठवले आणि एक चूक सुधारता आली. दोन चुका सुधारायच्या असतील तर चार जादा बिंदू लागतील. प्रत्यक्षात रीड-सॉलोमन पद्धतीत रेषेऐवजी अधिक घाताच्या बहुपदी वापरतात आणि ० ते २५५ या २५६ अंकांचे एक खास अंकगणित योजतात. पण तत्त्व हेच. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनिचकतीवर ओरखडा पडला तरी गाणे अडत नसे, ते या पद्धतीमुळे. व्हॉयेजर-२ या यानाने १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून पाठवलेली चित्रे आपल्याला मिळाली, त्यांतही हीच पद्धत होती. आणि तुमच्या पुस्तकातल्या चौकोनातही हीच आहे.

चौकोन वाचू या

आता भिंग घेऊन चौकोनाकडे नीट पाहा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौरस दिसतील. काळी चौकट, तिच्या आत पांढरी चौकट आणि मधोमध काळा चौरस. या तीन खुणांवरून मोबाइल कोड ओळखतो. चौरसाच्या मध्यातून आडवी रेषा काढली तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा असे तुकडे १ : १ : ३ : १ : १ या प्रमाणात मिळतात. मौज अशी की मध्यातून तिरकी रेषा काढली तरी प्रमाण तेच राहते! चौरस एककेंद्री असून त्यांच्या बाजू ७, ५ आणि ३ ठिपके आहेत. दहावीतल्या समरूप त्रिकोणांच्या आधारे हे तुम्हाला सिद्ध करता येईल. या गुणामुळेच पुस्तक उलटे धरले किंवा तिरके, मोबाइलचे काही अडत नाही. चौथ्या कोपऱ्यात तसा चौरस नसतो, त्यावरून वरची बाजू कोणती ते ठरते.

सर्वांत लहान क्यूआर कोड २१ × २१ ठिपक्यांचा असतो. पुढचा २५ × २५, मग २९ × २९. प्रत्येक वेळी बाजू ४ ने वाढते. ही झाली अंकगणिती श्रेढी. चाळिसावे पद काढा: २१ + ३९ × ४ = १७७. सर्वांत मोठा कोड खरोखरच १७७ × १७७ ठिपक्यांचा आहे.

अक्षरे ठिपक्यांत कशी येतात? जगातल्या बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला 'युनिकोड' या व्यवस्थेत एक क्रमांक आहे. देवनागरी 'ब' चा क्रमांक २३४८. 'बदनापूर' या शब्दात ब, द, न, काना, प, दीर्घ उकार आणि र अशी सात चिन्हे आहेत. प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे २१ बाइट किंवा १६८ बिट. सर्वांत लहान कोडमध्ये जास्तीत जास्त १७ बाइट मावतात, म्हणून आमच्या गावाचे नाव लिहायला २५ × २५ चा कोड घ्यावा लागतो!

उरलेल्या जागेत ताळा भरलेला असतो. तो किती भरायचा याच्या चार पायऱ्या आहेत. त्यानुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के मजकूर बिघडला तरी तो परत मिळवता येतो. गुरुजींच्या मोबाइलवर हे करून पाहा. कोडच्या मधल्या भागावर कागदाचा लहानसा कपटा ठेवा आणि कोड वाचा. कपटा थोडा थोडा मोठा करत जा. एका क्षणी वाचन थांबेल. तेथे ताळ्याची शक्ती संपली. मग कपटा काढून तीन कोपऱ्यांपैकी एक चौरस झाका. ताळा शाबूत असूनही कोड बहुधा वाचता येणार नाही. असे का, ते आता तुम्ही सांगू शकाल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कोडमधला मजकूर नीट वाचला गेला की नाही एवढेच ताळा पाहतो. तो मजकूर खरा आहे की फसवा, हे त्याला कळत नाही. कोणी कोड पाठवून 'हा वाचा आणि पिन टाका, पैसे जमा होतील' असे सांगितले तर समजा की लबाडी आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. ही गोष्ट घरी आजी-आजोबांनाही समजावून सांगा.

शिक्षकांसाठी : याला अभ्यासक्रमात जागा कोठे?

'अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, त्यात आणखी काय घालणार?' असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. पण वरचे विवेचन पुन्हा चाळून पाहावे. त्यासाठी नवा पाठ लागला नाही. सम-विषम आणि भागाकाराची बाकी पाचवी-सहावीत आहे. रेषीय समीकरणे व आलेख, समरूपता आणि अंकगणिती श्रेढी माध्यमिक वर्गांत आहेत. अंकगणिती श्रेढीचे उदाहरण म्हणून दर वेळी पगारवाढ किंवा नाट्यगृहातील खुर्च्यांच्या रांगाच का घ्याव्यात? एकदा पुस्तकातलाच चौकोन घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात संगणकीय आज्ञालेखनाचे उपक्रम सुचवले आहेत. त्यांची पूर्वतयारी तुरीच्या दाण्यांवर होऊ शकते.

महाविद्यालयातही हेच करता येईल. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत विद्यार्थी तर्कद्वारांची सत्यता-सारणी तपासतात. त्यांत 'एक्स-ऑर' नावाचे द्वार असते. दोन आदानांपैकी नेमके एक १ असेल तरच ते १ देते. सारणी जुळली, प्रयोगवहीवर सही झाली, की प्रयोग संपतो. या द्वाराचा उपयोग काय, हा प्रश्न तसाच राहतो. खरे तर हे द्वार म्हणजे आपला सम-विषम ताळाच आहे. ७४८६ क्रमांकाच्या चिपमध्ये अशी चार द्वारे असतात. चार बिटांची सम-विषमता काढायला तीन द्वारे पुरतात. चौथे द्वार तिची पाठवलेल्या ताळ्याशी तुलना करते. चौथ्या द्वाराच्या पुढे रोधासह एक प्रकाशक डायोड जोडला, की दाण्यांच्या पहिल्या ओळीचे (१ ० १ १, ताळा १) आपोआप परीक्षण करणारे यंत्र तयार होते. कोणताही एक बिट बदला, दिवा लागेल. शाळेत तुरीने खेळलेला विद्यार्थी महाविद्यालयात हा दिवा पाहील, तेव्हा दोन्ही अभ्यासक्रम एकमेकांना जोडले जातील.

या आग्रहामागे आणखी एक कारण आहे. 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. स्वतःचा फोन असलेल्या मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कमी होते. फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो आणि मुलगी शाळेतून येते तेव्हा घरात पुस्तकच असते. डिजिटल शिक्षण म्हणजे केवळ फोनवरचे शिक्षण असे आपण ठरवले, तर तिचा धडा त्या बंद दरवाजाशी थांबतो. दरवाजा कसा घडवला हेही शिकवले, तर दाणे, पाटी आणि आलेखाचा कागद यांवर ती इतरांच्या बरोबरीने शिकेल. फोन हाती येईल तेव्हा तो तिला जादूचा डबा वाटणार नाही.

स्वाध्याय

१. दाण्यांच्या मांडणीत नेमके कोणते चार दाणे बदलले तर ताळ्याला चूक मुळीच कळणार नाही?

२. मित्राकडून ७, १०, २०, १६ या संख्या आल्या. क्ष = १, २, ३, ४ धरून चुकीची संख्या शोधा व मूळ दोन संख्या सांगा.

३. चार संख्यांपैकी दोन संख्या पूर्ण पुसल्या गेल्या, पण कोणत्या पुसल्या ते माहीत आहे. मूळ संख्या मिळतील का? चुकीची संख्या आणि पुसलेली संख्या यांत अधिक त्रासदायक कोणती?

४. एका क्यूआर कोडची बाजू ४५ ठिपक्यांची आहे. तो श्रेढीतला कितवा? तुमच्या पुस्तकातल्या कोडची बाजू भिंगाने मोजा आणि त्याचाही क्रमांक काढा.

५. वर्गात दोन गट करा. एका गटाने दाण्यांतून एक शब्द पाठवावा, दुसऱ्याने तो वाचावा. वाटेत एक 'खोडकर' नेमा. तो प्रत्येक मांडणीत एकच दाणा बदलू शकेल. शब्द बिनचूक पोचला, तर ताळा जमला!